पुढे जायचं तर ब्रेक मारा

माझी लेक अंतराळात तरंगते असं कोणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. मागे एकदा जिन्यात वरच्या मजल्यावरच्या वकीलबाई भेटल्या आणि म्हणाल्या, “मजा आहे हो तुमच्या मुलीची! तिथं गुरुत्वाकर्षणच नाही म्हणे.”

“आहे,” मी म्हटलं. “इथं जेवढं आहे त्याच्या नव्वद टक्के तिथंही आहे.”

“मग ती खाली कशी पडत नाही?”

“पडतेच आहे. गेला दीड महिना पडते आहे.”

वकीलबाईंचा चेहरा उतरला. मग मला जिन्यातच उभं राहून सगळं सांगावं लागलं. दगड फेकला की तो पुढे जाता जाता खाली पडतो. जोरात फेकला तर लांब जाऊन पडतो. आणि समजा इतक्या जोरात फेकला, की तो जेवढा खाली येईल तेवढीच गोल पृथ्वीही त्याच्याखालून वळत जाईल, तर तो पडत राहतो, पण जमिनीला काही लागत नाही. माझी लेक आणि ती राहते ते स्थानक ताशी अठ्ठावीस हजार किलोमीटरने असंच पडत असतं. दीड तासात पृथ्वीभोवती एक फेरी, दिवसाला जवळपास सोळा. या पडण्याच्या वाटेला कक्षा म्हणतात. वकीलबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “बिचारी.”

बिचारी वगैरे काही नाही. नऊ वर्षं घासली तेव्हा कुठे तिला वर जायला मिळालं. अडतीस वर्षांची इंजिनियर आहे, तिच्या हाताखाली दोघं काम करतात, पण घरात अजून तिला सगळे ठकीच म्हणतात, म्हणून मीही इथं ठकीच म्हणणार.

माझी स्वतःची नोकरी कक्षा विभागात. एकतीस वर्षं झाली. वर फिरणारी कुठली वस्तू किती वाजता कुठे असेल, आणि तिला दुसरीकडे न्यायचं तर कधी, किती आणि कुठल्या बाजूला ढकलायचं, हे काढून द्यायचं. कंप्युटर आहेतच, पण मी आधी पेन्सिलीने कागदावर उत्तर काढते आणि मग कंप्युटरचं बरोबर आलंय का बघते. दुसऱ्याच्या कामात खोट काढल्याशिवाय मला घास उतरत नाही, असं लोक म्हणतात. म्हणून ऑफिसात मला ‘सासूबाई’ म्हणतात. हे नाव मला जावई मिळायच्या दहा वर्षं आधीपासूनचं आहे.

जावई मिळाले तेही याच ऑफिसात. ठकीचा नवरा आमच्याकडे ड्रायव्हर आहे. म्हणजे पदाचं नाव लांबलचक आहे, पण काम ड्रायव्हरचं. स्थानकावर सामान घेऊन जाणारं बिनमाणसांचं मालवाहू यान, ज्याला आम्ही सगळे हातगाडी म्हणतो, ते शेवटच्या दोनशे मीटरवर आलं की हे गृहस्थ जमिनीवर बसून, पडद्याकडे बघत, दोन दांडे हातात धरून ते स्थानकाला अलगद टेकवतात. त्यांचा हात फार हलका आहे, हे मी सासू असूनही कबूल करते. दोनशे मीटरच्या आधीचं सगळं हातगाडीचा कंप्युटर आपलं आपण करतो.

आमच्याकडे एक नियम आहे, की एकाच घरातल्या दोघांनी नियंत्रण कक्षात एका पाळीला बसायचं नाही. खूप वर्षांपूर्वी एका नवराबायकोचं पाळी चालू असताना कडाक्याचं भांडण झालं आणि एक उपग्रह दोन तास कोणी बघितलाच नाही. त्यानंतर हा नियम लिहिला गेला. लिहिणारी मीच. तेव्हा मला फार शहाणपणाचा वाटला होता.

मंगळवारी सकाळी ठकीच्या स्थानकाला हातगाडी लागायची होती. आणि ती साधी खेप नव्हती. स्थानकातली हवा साफ करणाऱ्या यंत्राचा पंप सहा दिवसांपूर्वी जळाला होता. माणसं श्वास सोडतात त्यातला कार्बन डायऑक्साइड साठत चालला होता. ठकी आणि तिचे दोन सोबती डोकेदुखीच्या गोळ्या खाऊन काम रेटत होते. नवा पंप हातगाडीत होता. मंगळवारी दुपारी तीनपर्यंत हातगाडी स्थानकाला लागली तर ठीक, नाहीतर तिघांनी परतीच्या यानात बसून दार लावून घ्यायचं आणि घरी यायचं, असा वरिष्ठांचा हुकूम होता. जिवाला धोका नव्हता. पण स्थानक जुनं, रोज हाताने दुरुस्त करावं लागणारं. माणसं एकदा उतरली की ते पुन्हा चालू होणार नाही, समुद्रातच पाडावं लागेल, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ठकीची नऊ वर्षं, तिचे अर्धवट प्रयोग, सगळं त्याच्याबरोबर समुद्रात जाणार होतं. आदल्या दिवशी ती फोनवर म्हणाली होती, “आई, आम्ही सामान बांधून ठेवलंय. पण मला यायचं नाहीये गं.” लहानपणी पोहण्याच्या तलावातून बाहेर काढताना जो आवाज लावायची तोच आवाज.

त्या पाळीला ड्रायव्हर म्हणून जावई होते, म्हणून मी नाही. माझ्या जागी बसायचा तो दुसरा कक्षावाला तापाने फणफणून घरी पडलेला. पाळीप्रमुखांनी ठरवलं की कक्षेच्या खुर्चीत कोणी नसलं तरी चालेल, गाडी आपोआपच जाते. या पाळीप्रमुखांना मागून सगळे घड्याळ म्हणतात, कारण त्यांच्या प्रत्येक वाक्यात किती वाजले ते येतं. माणूस वाईट नाही. पण विजेच्या विभागातून आलेला, कक्षेशी नुसती तोंडओळख.

मी नियंत्रण कक्षाच्या मागच्या फायलींच्या खोलीत बसले. तिथं भिंतीवर एक जुना स्पीकर आहे, त्यातून आतलं बोलणं ऐकू येतं. समोर चहा, हातात पेन्सिल. ऐकायला नियमाची काही हरकत नव्हती.

अकरा वाजून दहा मिनिटांनी हातगाडी स्थानकाच्या मागे सहा किलोमीटरवर, त्याच उंचीवर येऊन थांबली. थांबली म्हणजे दोघंही तशीच पळत होती, पण एकमेकांमागे, सारख्या वेगाने. आणि तिथंच हातगाडीचा अंतर मोजणारा डोळा गेला. कंप्युटरने हात वर केले. स्पीकरवर घड्याळसाहेबांचा आवाज आला, “अकरा दहा झालेत. ड्रायव्हर, गाडी ताब्यात घ्या. स्थानकाच्या रडारवरून अंतर मिळतंय, त्यावर न्या.”

“घेतली,” जावई म्हणाले. “पुढे ढकलतो.”

मी चहाचा कप खाली ठेवला.

समोर सहा किलोमीटरवर काही असेल आणि तिथं जायचं असेल तर माणूस पुढे ढकलणारच. रस्त्यावर तसंच करतात. दोनशे मीटरच्या आत जावईही तसंच करतात आणि ते बरोबर असतं, कारण तिथं सगळा खेळ काही मिनिटांत संपतो. त्यांच्या सरावाचं यंत्र सुरूच होतं दोनशे मीटरपासून. अकरा वर्षं त्यांचा हात फक्त तेवढंच शिकला होता. पण सहा किलोमीटर ही लांबची वाट, आणि लांबच्या वाटेवर कक्षा आपलं म्हणणं खरं करते. पुढे ढकललं की यान वर चढतं. वरची फेरी लांब, आणि वर चालही मंद. म्हणजे पुढे ढकललेलं यान शेवटी मागे पडतं.

आणि यातली लबाडी अशी, की पहिली दहा मिनिटं ते कळत नाही. “पाच हजार नऊशे,” कोणीतरी वाचलं. “पाच हजार आठशे.” आत लोक खूश झाल्याचं ऐकू आलं. मी कागदावर लिहीत होते, आणि मला पुढचा आकडा आधीच माहीत होता. पाच हजार सातशे नव्वद. मग थांबलं. मग पाच हजार आठशे पन्नास.

“परत वाढतंय,” जावई म्हणाले. “आणखी एक देतो.”

मी आतला फोन उचलला. “साहेब, ढकलू नका. आणखी मागे जाईल.”

“मॅडम, अकरा सव्वीस झालेत,” घड्याळसाहेब म्हणाले, “आणि नियम तुमचाच आहे.” फोन ठेवला.

खरंच, नियम माझाच होता. पुढचा अर्धा तास मी तोंड दाबून बसले. दुसऱ्या धक्क्याने आकडा थोडा वेळ थांबला तेव्हा आतून कोणीतरी “आली, आली” म्हणालं. मग सहा हजार तीनशे. सात हजार. जावयांनी तिसरा धक्का दिला. त्यांच्या आवाजातला घाम मला ऐकू येत होता. आठ हजार. साडेनऊ. आणि मग स्पीकरवर ठकी म्हणाली, “खालून ऐकताय ना? हातगाडी आम्हाला खिडकीतून वर चढताना दिसतेय. ती येतेय की चाललीय?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी कागद उचलला, फायलींच्या खोलीचं दार उघडलं आणि सरळ आत गेले.

नियंत्रण कक्षात चौदा माणसं होती आणि चौदाही माझ्याकडे बघायला लागली. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर अंतर होतं, अकरा हजार मीटर.

“मॅडम, अकरा पंचावन्न झालेत,” घड्याळसाहेब उठून उभे राहिले. “तुम्हाला इथं यायची परवानगी नाही.”

“नसू दे. उद्या मला काढून टाका. आत्ता ब्रेक मारा.”

“गाडी अकरा किलोमीटर मागे आहे आणि तुम्ही ब्रेक मारायला सांगता?”

“मागे आहे म्हणूनच सांगतेय.”

मी त्यांच्या टेबलावरची कामांची यादी उलटी केली आणि तिच्या पाठीवर दोन वर्तुळं काढली, एक आत, एक बाहेर. “हे बघा. मैदानावर आतल्या रेघेवरून पळणाऱ्याला कमी पळावं लागतं की बाहेरच्याला? आतल्याला. वर तर त्याहून बरं, आतल्या रेघेवर चालही जास्त असते. कारण पृथ्वी जवळ, ओढ जास्त. आपण तीन वेळा ढकलून गाडीला बाहेरच्या रेघेवर नेऊन ठेवलंय. चार किलोमीटर वर चढलीय ती. तिथून ती जन्मात पुढच्याला गाठणार नाही. ब्रेक मारला की खाली येईल, आतल्या रेघेवर जाईल, आणि पळायला लागेल.”

“हे मी पुस्तकात वाचलंय,” घड्याळसाहेब म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. “पण आता वेळ नाही, मॅडम. तीनला—”

“वेळ नाही म्हणून तर सांगतेय! दर फेरीला पंचवीस किलोमीटर मागे पडतोय आपण. आणखी एकदा ढकललंत तर इंधनही संपेल आणि स्थानकही जाईल. मग घड्याळात बघत बसा.”

मी जावयांकडे वळले. ते दोन्ही दांडे घट्ट धरून बसले होते आणि पडद्यावरून नजर काढत नव्हते. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“जावईबापू,” मी म्हटलं. ऑफिसात मी त्यांना अशी हाक कधीच मारत नाही, पण तोंडातून निघून गेलं. “तुम्हाला हे माहीत आहे.”

ते हळूच म्हणाले, “डोक्याला माहीत होतं हो. हाताला नव्हतं.” मग घड्याळसाहेबांकडे न बघता म्हणाले, “सर, त्या बरोबर सांगतायत. चूक माझी झाली.”

ते एवढं बोलले आणि माझा राग निम्मा झाला. चौदा माणसांसमोर, सासूपुढे, स्वतःची चूक अशी सरळ बोलून दाखवायला छाती लागते.

घड्याळसाहेबांनी पडद्यावरच्या आकड्याकडे बघितलं, मग माझ्या वर्तुळांकडे. मग खाली बसले आणि म्हणाले, “बारा वाजलेत. किती ब्रेक?”

मी आकडा सांगितला. तीन धक्क्यांनी जेवढं बिघडवलं होतं ते सगळं काढून, वर आणखी अर्धं. “आणि आधीच सांगून ठेवते,” मी मोठ्याने म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “ब्रेक मारल्यावर अंतर लगेच कमी होणार नाही. वाढेल. आधी पुष्कळ वाढेल. गाडी अजून वर आहे, तिला खाली उतरायला वेळ लागतो. पंचवीस किलोमीटरपर्यंत जाईल. बावीस मिनिटं लागतील. तोवर कोणी कशालाही हात लावायचा नाही.”

“पंचवीस?” कोणीतरी किंचाळलं.

“पंचवीस,” मी म्हटलं आणि यादीच्या पाठीवर लिहून त्याच्याखाली रेघ ओढली.

बारा वाजून पाच मिनिटांनी जावयांनी ब्रेक मारला, म्हणजे इंजिनाने गाडीला मागच्या बाजूला ढकललं. अंतर होतं पंधरा किलोमीटर. आणि ते पळत सुटलं. सोळा. सतरा. अठरा. आधीपेक्षा जोरात वाढत होतं. ज्यांनी माझं ऐकलं होतं त्यांचेही चेहरे पडायला लागले. एक जण उघड म्हणाला, “गेलं स्थानक.” वीस किलोमीटर झाले तेव्हा मी उभी होते तिथंच उभी राहिले, पेन्सिल यादीवरच्या पंचवीसच्या रेघेवर टेकवून. एकतीस वर्षं मी ही गणितं करतेय आणि ती चुकत नाहीत हे मला माहीत आहे. पण गणित बरोबर असणं वेगळं, आणि त्याच्या टोकाला आपली पोर असणं वेगळं. मला खरंच भीती वाटत होती. तीन वेळा मी मनात पुन्हा पहिल्यापासून सगळं करून बघितलं.

एकवीस किलोमीटरला घड्याळसाहेब उठले. “बारा सोळा झालेत. पुरे झालं. ड्रायव्हर, पुढे ढकला. हा माझा हुकूम आहे.”

जावयांनी दोन्ही हात दांड्यांवरून काढले आणि मांड्यांखाली घातले. हातांवर बसले. शाळेतल्या मुलांना शिक्षा करतात तसे. “नाही सर,” ते म्हणाले.

घड्याळसाहेबांनी स्थानकाचा माइक ओढला. “स्थानक, बारा सतरा झालेत. हातगाडीला ब्रेक मारलाय आणि ती आणखी मागे जातेय. तुम्ही लगेच परतीच्या यानात बसायची तयारी करा.”

वरून ठकीचा आवाज आला, जरा घोगरा, त्या घाण हवेत सहा दिवस काढलेला. “ब्रेक मारायला कोणी सांगितलं?”

घड्याळसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. नाइलाजाने म्हणाले, “तुमच्या आईंनी.”

“कितीपर्यंत जाईल म्हणाली?”

“पंचवीस किलोमीटर. बारा सत्तावीसपर्यंत.”

“मग बारा सत्तावीसपर्यंत आम्ही कुठेही जात नाही,” ठकी म्हणाली. “तिने काढलंय ना? मग थांबा.”

मला त्या क्षणी इतकं भरून आलं की पडदा धूसर झाला. आमचं दोघींचं कधी धड जमलं नाही. तिच्या दहावीच्या वहीतसुद्धा मी लाल पेनाने चुका काढायचे, आणि ती महिनोन्‌महिने माझ्याशी बोलायची नाही. आणि आता चारशे किलोमीटर वरून, सगळ्यांच्या देखत, ती माझ्या पेन्सिलीच्या आकड्यावर आपली नऊ वर्षं लावत होती. मी नाक पुसलं आणि पुन्हा पडद्याकडे बघितलं.

तेवीस. चोवीस. आता वाढ मंदावली होती, पण ते मलाच जाणवत होतं. चोवीस किलोमीटर पाचशे. चोवीस सातशे. बारा सव्वीस.

चोवीस हजार आठशे वीस. चोवीस हजार आठशे तीस. तीस. तीस. अठ्ठावीस.

“कमी झालं,” वाचणारा म्हणाला. मग त्याने खुर्ची मागे सारली आणि ओरडला, “कमी होतंय हो!”

चोवीस सहाशे. चोवीस दोनशे. तेवीस. आता आकडा पळायला लागला तो खाली. वीस. सोळा. हातगाडी आतल्या रेघेवर उतरली होती आणि स्थानकाच्या मागे जिवाच्या आकांताने धावत होती. कोणीतरी टेबलावर हात आपटला. घड्याळसाहेब खाली बसले, खिशातून रुमाल काढून मान पुसली आणि किती वाजले ते न सांगता म्हणाले, “सासूबाई, खुर्ची घ्या.” हे नाव ते माझ्या तोंडावर घेतायत हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. मी कक्षेच्या खुर्चीत बसले. माझीच खुर्ची, पण कोणीतरी तिची उंची बदलून ठेवली होती. ती आधी नीट केली.

पुढचे दोन तास आम्ही दोघांनी काम केलं. मी वेळ आणि मात्रा सांगायची, ते इंजिनाची बारीकशी फुंकर मारायचे. एक अर्ध्या फेरीवर, एक पाऊण फेरीवर, मग दोन बारीक. प्रत्येक वेळी ते दांड्याला हात लावायच्या आधी माझ्याकडे बघायचे आणि मी मान हलवायचे. एकदा मी “जरा जास्त झालं” म्हटलं. ते म्हणाले, “मॅडम, एक टक्का.” मी म्हटलं, “एक टक्का म्हणजे जास्तच.” पलीकडचा कोणी तरी हसला. लोक पुन्हा हसायला लागले होते, हे ऐकून बरं वाटलं.

दोन वाजून वीस मिनिटांनी हातगाडी स्थानकाच्या मागे दोनशे मीटरवर, अगदी त्याच उंचीवर येऊन उभी राहिली.

मी पुढचं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात जावई म्हणाले, “आता तुम्ही गप्प बसायचं, आई. इथून पुढे माझं.”

आणि मी गप्प बसले. बसले म्हणजे काय, दात आवळून बसले. इथं पुढे जायचं तर पुढेच ढकलायचं होतं, आणि ते त्यांनी असं ढकललं की पडद्यावर काही हलल्यासारखं वाटेना. दीडशे मीटर. शंभर. स्थानक पडद्यावर मोठं होत गेलं, त्याच्या काचांवर ऊन चमकलं. पन्नास. तीस मीटरवर हातगाडी जरा कलली. माझ्या घशात शब्द आला तो मी गिळला. त्यांनी दोन बोटांनी दांडा हलवला आणि ती सरळ झाली. सकाळी याच हाताने एवढा घोळ घातला होता, हे सांगून कोणाला खरं वाटलं नसतं. दहा मीटर. सेकंदाला जेमतेम एक वीत. तीन. एक.

“लागली,” ठकी म्हणाली. मग आतल्या कड्या बसल्याचा दिवा लागला. दोन वाजून सेहेचाळीस मिनिटं. हे घड्याळसाहेबांनी सांगितलं, पण आनंदाने सांगितलं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी वाजवल्या नाहीत. पंप अजून हातगाडीतच होता. दाराच्या फटीतून हवा जात नाही ना हे तपासायला त्यांना चाळीस मिनिटं लागली, दार उघडून पंप काढायला आणि बसवायला आणखी तास-सव्वा तास. कोणी घरी गेलं नाही. पाळी बदलली तरी जुनी माणसं भिंतीला टेकून उभी राहिली. जावई माझ्या शेजारी येऊन उभे होते, हाताला वळ पडेपर्यंत खुर्चीची पाठ धरून. स्पीकरवर पाना लागल्याचा आवाज यायचा, ठकी कोणाला तरी “उलटा धर, उलटा” म्हणायची, आणि पुन्हा शांत.

पावणेपाचला स्पीकरमधून घुर्रर्र असा आवाज आला. आधी अडखळत, मग एकसारखा.

“चालू झाला,” ठकी म्हणाली. ती धापा टाकत होती. “कार्बन डायऑक्साइड... थांबा, बघते... उतरतोय. उतरतोय! खाली सांगा सगळ्यांना. बांधलेलं सामान आम्ही सोडतोय आणि परतीचं यान बंद करतोय. आम्ही राहतोय. ऐकताय ना? आई, आम्ही राहतोय!”

खोलीत काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण मी तोवर ढसाढसा रडत होते आणि त्याच वेळी ओरडतही होते. घड्याळसाहेबांनी टेबलावरचे कागद उचलून वर फेकले. आणि जावयांनी, अकरा वर्षांत ज्यांनी माझ्यासमोर कधी मोठ्याने शिंकही दिली नाही त्यांनी, मला कमरेला धरून खुर्चीतून उचललं आणि सगळ्या नियंत्रण कक्षासमोर गरगर फिरवलं. छप्पन्न वर्षांची बाई मी, चप्पल एकीकडे, चष्मा दुसरीकडे. खाली ठेवा, खाली ठेवा म्हणून मी ओरडत होते, पण फार जोरात नाही.